'कॉन' नावाच्या फोल्डरचे गूढ

संगणकावर एक नवे फोल्डर तयार करावे, त्याला सी, ओ, एन या तीन रोमन अक्षरांचे 'कॉन' असे नाव द्यावे आणि एन्टरची कळ दाबावी. विंडोज ही कार्यप्रणाली असलेल्या बहुतेक संगणकांवर हे फोल्डर त्या नावाने तयारच होत नाही. विंडोज एक्सपीच्या काळात नाव टंकित केल्यावरही फोल्डर आपले जुने नाव धरून बसत असे. विंडोज ७ मध्ये आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत 'दिलेले उपकरणाचे नाव वैध नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश पडद्यावर झळकू लागला. साध्या फोल्डरच्या नावात 'उपकरण' कोठून आले, हा प्रश्न तो संदेश वाचणाऱ्याला पडतो. या गूढाचे सगळे उत्तर खरे तर त्या एका शब्दातच दडलेले आहे.

हा प्रकार केवळ गमतीचा वाटत असला, तरी या नावांमुळे संगणक बंद पडल्याची, विषाणूंना लपण्यास जागा मिळाल्याची आणि हजारो प्रोग्रॅमरांचे काम खोळंबल्याचीही उदाहरणे आहेत. त्यामुळे ही नावे राखीव का आहेत, ती वापरण्याच्या युक्त्या कोणत्या आणि त्या युक्त्यांत धोका कोणता, हे समजून घेणे सामान्य वापरकर्त्याच्याही हिताचे ठरते.

ई-मेलमधील तीन 'चमत्कार'

२००० नंतरच्या दशकात भारतातील कार्यालयांत आणि महाविद्यालयांत एक ई-मेल मोठ्या हौसेने पुढे पाठविली जात असे. तीत संगणकाचे तीन 'चमत्कार' सांगितलेले असत. जगात कोणालाही 'कॉन' नावाचे फोल्डर करता येत नाही, हा शोध एका भारतीयाने लावला, असा त्यातील पहिल्या चमत्काराचा डौल होता. मायक्रोसॉफ्ट कंपनीतील तज्ज्ञांनाही याचे कारण सांगता आलेले नाही, अशी पुस्तीही जोडलेली असे. काही ठिकाणी तर बिल गेट्स यांचे शाळेतील टोपणनाव 'कॉन' होते आणि म्हणून त्यांनी हे नाव बंद केले, अशीही वदंता पसरली.

यातील एकाही दाव्याला आधार नाही. ही नावे राखीव असल्याची नोंद मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक दस्तऐवजांत उघडपणे दिलेली आहे. कंपनीतील अभियंते रेमंड चेन यांनी २००३ मध्ये आपल्या लेखनातून या बंधनाचा इतिहास सविस्तर सांगितला होता. ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही असे सांगितले जात होते, ते उत्तर मूळ ठिकाणी सर्वांसाठी खुले होते.

नाव फोल्डरचे, पण पत्ता उपकरणाचा

'कॉन' हे 'कन्सोल' या शब्दाचे लघुरूप आहे. कन्सोल म्हणजे संगणकाचा कळफलक आणि पडदा ही जोडी. जुन्या डॉस या कार्यप्रणालीत संगणकाला जोडलेल्या उपकरणांशी बोलण्यासाठी प्रत्येक उपकरणाला एक छोटे नाव दिलेले होते. एखाद्या फाईलला माहिती द्यावी तशीच ती या नावाला दिली, की ती थेट त्या उपकरणाकडे जात असे. 'पीआरएन' या नावाकडे मजकूर पाठविला की तो छापयंत्रातून कागदावर उमटे. 'कॉपी कॉन' असे लिहून पुढे फाईलचे नाव दिले, की कळफलकावर टंकित केलेला मजकूर त्या फाईलमध्ये साठविला जाई आणि कंट्रोलसह झेडची कळ दाबली की लेखन संपे. संगणकशिक्षणाच्या वर्गांत डॉस शिकलेल्या पिढीला हे चांगलेच आठवत असेल.

म्हणजेच 'कॉन' हे नाव संगणकाच्या लेखी मोकळे कधीच नव्हते. टपालखात्याने आधीच एखाद्या इमारतीला दिलेला पत्ता दुसऱ्या घराने मागावा, तसा हा प्रकार आहे. वापरकर्ता 'कॉन नावाचे फोल्डर कर' असे सांगतो, तेव्हा विंडोज ते वाक्य 'कळफलक आणि पडदा यांच्या जागी फोल्डर कर' असे वाचते आणि साहजिकच नकार देते.

बावीस राखीव नावे

राखीव नावांची परिचित यादी बावीस नावांची आहे. 'कॉन' म्हणजे कळफलक व पडदा, 'पीआरएन' म्हणजे छापयंत्र, 'ऑक्स' म्हणजे पूरक उपकरणासाठीचे पहिले सिरियल पोर्ट आणि 'नल' म्हणजे काहीच नाही, अशी ही पहिली चार नावे. त्यांच्या जोडीला 'कॉम१' ते 'कॉम९' ही सिरियल पोर्टची नऊ नावे आणि 'एलपीटी१' ते 'एलपीटी९' ही छापयंत्राच्या पोर्टची नऊ नावे आहेत. एके काळी माऊस व मोडेम 'कॉम' पोर्टला जोडले जात आणि छापयंत्राची रुंद केबल 'एलपीटी' पोर्टमध्ये बसविली जाई. आज घरगुती संगणकांवर ही पोर्ट अभावानेच दिसतात. त्यांची नावे मात्र मागे राहिली आहेत.

यातील 'नल' हे नाव विशेष मजेदार आहे. त्याच्याकडे जे पाठवावे ते नाहीसे होते. एखाद्या आज्ञेने पडद्यावर संदेशांचा पाऊस पाडू नये असे वाटत असेल, तर ते संदेश 'नल'कडे वळवितात. बॅच फाईल लिहिणारे आजही ही युक्ती रोज वापरतात. हे नाव उपकरणापुरते राखून ठेवणे किती आवश्यक आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

अक्षरे लहान लिपीत असोत वा मोठ्या, विंडोजला त्याने फरक पडत नाही. नावापुढे टिंब देऊन विस्तार जोडला, तरीही वर्षानुवर्षे हा नियम लागू होता. 'कॉन.टीएक्सटी' अशी फाईलही करता येत नसे, कारण पहिल्या टिंबाआधीचा भाग राखीव यादीत आहे. याउलट 'कॉन्स्ट', 'कॉन-२' किंवा 'पीआरएन-यादी' ही नावे पूर्णपणे चालतात, कारण तेथे संपूर्ण नाव राखीव नावाशी जुळत नाही. 'पीआरएन' हा विस्तार म्हणून शेवटी आला, तरीही हरकत नसते.

पहिल्या डॉसचा वारसा

या बंधनाचे मूळ शोधायचे, तर १९७० च्या दशकापर्यंत मागे जावे लागते. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ च्या सुमारास छोट्या संगणकांसाठी सीपी/एम ही कार्यप्रणाली तयार केली. तीत उपकरणांना अशी छोटी नावे होती आणि ती ओळखता यावीत म्हणून त्यांच्या शेवटी अपूर्णविरामाचे चिन्ह दिले जाई. टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत सीपी/एमच्या धर्तीवर एक नवी प्रणाली लिहिली. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासोबत ती डॉस म्हणून बाजारात आली. उपकरणांची नावे डॉसमध्येही राहिली, मात्र अपूर्णविरामाची सक्ती उरली नाही. फाईलचे नाव आणि उपकरणाचे नाव यांतील दृश्य सीमारेषा तेथेच पुसली गेली.

त्या काळी याने काही बिघडत नव्हते. पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. १६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर सगळ्या फाईल एकाच यादीत मांडलेल्या असत. नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे आणि विस्तार तीन अक्षरांचा. अशा छोट्या जगात चार-पाच नावे राखून ठेवण्याने कोणाची गैरसोय होणार होती?

विस्तार जोडूनही नाव राखीव का राहते, याचे कारणही त्याच काळात सापडते. असेंब्लरसारखे प्रोग्रॅम वापरकर्त्याने दिलेल्या नावापुढे आपणहून विस्तार जोडत असत. एखादी यादी नको असेल, तर वापरकर्ता तिच्या नावाच्या जागी 'नल' देई आणि प्रोग्रॅम त्याचे 'नल.एलएसटी' करून टाकी. ही खरोखरीची फाईल समजली गेली असती, तर फ्लॉपीवरील तुटपुंजी जागा वाया गेली असती. म्हणून विस्ताराकडे दुर्लक्ष करून मूळ नावावरूनच उपकरण ओळखावे, असे ठरले.

मार्च १९८३ मध्ये डॉसची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत फोल्डरही आले. ही कल्पना युनिक्स या प्रणालीवरून घेतलेली होती. युनिक्समध्ये सर्व उपकरणे 'डेव्ह' नावाच्या एकाच फोल्डरात ठेवलेली असतात, त्यामुळे इतरत्र कोणतेही नाव मोकळेपणाने देता येते. डॉसमध्येही तसे करता आले असते. परंतु तोवर बाजारात आलेले प्रोग्रॅम फोल्डरचा पत्ता न देता नुसते 'पीआरएन' किंवा 'नल' असे लिहीत होते. ते सगळे एका दिवसात निकामी होऊ नयेत म्हणून ही नावे प्रत्येक फोल्डरात हजर आहेत असे मानण्याचा मार्ग पत्करला गेला. पुढे विंडोज ९५ ने १९९५ मध्ये लांबलचक नावांची सोय केली, विंडोज एनटीच्या घराण्याने संपूर्ण नवा गाभा आणला; जुन्या प्रोग्रॅमांना दिलेला हा शब्द मात्र प्रत्येक आवृत्तीने पाळला.

पहिली युक्ती : न दिसणारे अक्षर

नियम आला की पळवाटही येते. 'कॉन'चे फोल्डर तयार करण्याची सर्वांत प्रसिद्ध युक्ती अशी : नव्या फोल्डरला नाव देताना 'कॉन' टंकित करावे, मग ऑल्टची कळ दाबून धरावी आणि कळफलकाच्या उजवीकडील अंकपट्टीवर २५५ हे आकडे दाबावेत. ऑल्ट सोडून एन्टर दाबताच फोल्डर 'कॉन' या नावाने तयार झालेले दिसते. वरच्या रांगेतील आकडे येथे उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे अंकपट्टी नसलेल्या लॅपटॉपवर ही युक्ती फसते.

या युक्तीने नियम मोडला जात नाही. ऑल्ट आणि २५५ यांनी एक विशेष प्रकारची मोकळी जागा उमटते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण संगणकासाठी ते एक स्वतंत्र अक्षर असते. नावाच्या शेवटी साधी मोकळी जागा दिली, तर विंडोज ती छाटून टाकते. ही विशेष जागा मात्र ती तशीच ठेवते. म्हणजे फोल्डरचे नाव प्रत्यक्षात चार अक्षरी असते आणि पाहणाऱ्याला तीनच दिसतात. दुसऱ्या एखाद्या लिपीतील सारखे दिसणारे अक्षर वापरूनही हेच साधता येते. रशियन लिपीतील 'ओ' आणि रोमन 'ओ' यांत डोळ्यांना फरक कळत नाही, संगणकाला कळतो.

या दृष्टिभ्रमाची एक गंभीर बाजू आहे. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा हाच खेळ बनावट संकेतस्थळांचे पत्ते तयार करण्यासाठीही केला जातो. बँकेच्या पत्त्यातील एक अक्षर दुसऱ्या लिपीतून उचलले, की पत्ता खरा वाटतो आणि पाहुणा भलत्याच दारात पोहोचतो. 'कॉन'च्या युक्तीतून एवढा धडा घेतला तरी पुरे : पडद्यावर दिसणारे नाव आणि संगणकाने वाचलेले नाव एकच असेल, याची हमी नसते.

दुसरी युक्ती : मागचे दार

खऱ्याखुऱ्या 'कॉन' नावाचे फोल्डर तयार करण्याचा मार्गही आहे आणि तो कमांड प्रॉम्प्टमधून जातो. नेहमीच्या पत्त्याआधी दोन उलट्या तिरक्या रेघा, एक टिंब आणि पुन्हा एक उलटी तिरकी रेघ अशी चिन्हे जोडायची. डी ड्राइव्हवर फोल्डर करावयाचे असल्यास आज्ञा अशी होते :

एमडी \\.\डी:\कॉन

येथे देवनागरीत दिलेली अक्षरे प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकित करावी लागतात. टिंबाऐवजी प्रश्नचिन्ह वापरूनही, म्हणजे \\?\ असे लिहूनही, हेच काम होते. सी ड्राइव्हच्या मुळाशी फोल्डर करण्यास नव्या आवृत्त्यांत व्यवस्थापकाचे अधिकार लागतात, म्हणून प्रयोग करणारे सहसा दुसरा ड्राइव्ह निवडतात.

या चिन्हांचा अर्थ असा, की पुढील पत्ता नेहमीच्या चाळणीतून न नेता थेट खालच्या यंत्रणेकडे सोपवावा. राखीव नावे तपासण्याचे काम विंडोजच्या वरच्या थरात होते. फाईल प्रत्यक्ष साठविणाऱ्या एनटीएफएस या व्यवस्थेला 'कॉन' या नावाचे वावडे नाही. चाळणी टाळली, की फोल्डर विनातक्रार तयार होते.

अडचण त्यानंतर सुरू होते. फोल्डर एक्स्प्लोररमध्ये दिसते, पण ते पुसण्याचा प्रयत्न केला की संगणक पुन्हा त्या नावाचा अर्थ उपकरण असा लावतो आणि काम अडते. नेहमीच्या पद्धतीने पत्ता वाचणाऱ्या इतर प्रोग्रॅमांपुढेही तीच अडचण उभी राहते. फोल्डरच्या प्रती घेणारा प्रोग्रॅम अशा ठिकाणी अडखळला, तर आतील कागदपत्रांची प्रत निघालेलीच नाही, हे संगणक बिघडल्यावरच कळण्याची शक्यता असते.

असे फोल्डर काढायचे तर ज्या दाराने आत आलो, त्याच दाराने बाहेर पडावे लागते :

आरडी \\.\डी:\कॉन

फोल्डर रिकामे असेल, तर एवढे पुरते. आत फाईल असतील, तर आज्ञेला '/एस' जोडावे लागते. मात्र त्याने आतील सर्व काही कायमचे पुसले जाते आणि ते रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. आत महत्त्वाचा मजकूर असल्यास आधी 'रेन' या आज्ञेने, हीच चिन्हे वापरून, फोल्डरला साधे नाव द्यावे आणि मजकूर हलवावा. अशा फाईल काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या मदतपत्रकांतही हाच उपाय दिलेला होता. ऑल्ट आणि २५५ यांनी केलेले फोल्डर मात्र नेहमीसारखे पुसता येते, कारण त्याचे नाव मुळात राखीव नसतेच.

संगणक कोसळविणारे दोन शब्द

राखीव नावांचे उपद्रवमूल्य २००० मध्ये जगासमोर आले. विंडोज ९५ आणि ९८ या आवृत्त्यांत एकाच पत्त्यात उपकरणाचे नाव दोनदा आले, म्हणजे 'कॉन\कॉन' असे लिहिले, की प्रणाली गोंधळून कोसळत असे. एवढेच असते तर तो खोडकरपणा ठरला असता. पण हा पत्ता एखाद्या वेबपानात चित्राच्या पत्त्याच्या जागी दडविता येत होता. असे पान उघडणाऱ्याचा संगणक निळा पडदा दाखवून थांबे आणि जतन न केलेले काम हातचे जाई. मायक्रोसॉफ्टने मार्च २००० मध्ये सुरक्षापत्रक काढून त्यावरील दुरुस्ती उपलब्ध करून दिली. विंडोज एनटी आणि विंडोज २००० या आवृत्त्यांना हा दोष नव्हता.

हा प्रकार तेथे संपला, असे मात्र म्हणता येत नाही. मे २०१७ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ मध्ये याच जातीचा दोष उघड झाला. एनटीएफएसच्या '$एमएफटी' या अंतर्गत फाईलचे नाव पत्त्यात फोल्डरसारखे वापरले, की संगणक गोठत असे. जानेवारी २०२१ मध्ये विंडोज १० वर कन्सोलच्या उपकरणाशी संबंधित एका विशिष्ट पत्त्याने निळा पडदा येत असल्याचे दिसून आले आणि पुढच्याच महिन्यात दुरुस्ती आली. विशेष अर्थ असलेल्या नावांना साध्या पत्त्यांत मिसळू दिले, की कोठे ना कोठे फट राहतेच, हे या घटनांचे सार आहे.

ढालही तीच, तलवारही तीच

पुसता न येणारे फोल्डर हा दोष असला, तरी काहींनी त्याचाच उपयोग करून घेतला. पेनड्राइव्ह सर्वत्र पोहोचल्यावर 'ऑटोरन.आयएनएफ' नावाच्या फाईलद्वारे पसरणाऱ्या विषाणूंनी उच्छाद मांडला होता. नोव्हेंबर २००८ मध्ये आढळलेला कॉन्फिकर हा किडा याही मार्गाने पसरत असे. त्या काळात लोकप्रिय असलेल्या 'फ्लॅश डिसइन्फेक्टर' या मोफत साधनाने एक नामी उपाय योजला होता. ते प्रत्येक ड्राइव्हवर 'ऑटोरन.आयएनएफ' याच नावाचे एक फोल्डर तयार करीत असे आणि त्यात 'एलपीटी३' या राखीव नावाने सुरू होणारी फाईल ठेवीत असे. आतील फाईल सहजी पुसता येत नाही, म्हणून फोल्डर पुसता येत नाही आणि फोल्डर असेपर्यंत विषाणूला त्या नावाची फाईल करता येत नाही, असा हा अडसर होता. पुढे विंडोज ७ ने आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या आवृत्त्यांसाठी दिलेल्या दुरुस्तीने पेनड्राइव्हवरील ही आपोआप चालण्याची सोयच बंद केली आणि या उपायाची गरज कमी झाली.

हेच शस्त्र विषाणू लिहिणाऱ्यांच्याही हाती लागले. मॅकॅफी या कंपनीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये 'डायनामर' या घातक प्रोग्रॅमचे विश्लेषण प्रसिद्ध केले. तो 'कॉम४' या नावाने सुरू होणाऱ्या फोल्डरात स्वतःला ठेवीत असे. नावापुढे टिंब देऊन विंडोजच्या एका अंतर्गत घटकाचा लांबलचक संकेतांक जोडलेला होता. संकेतांकामुळे फोल्डर उघडताच भलतीच खिडकी समोर येई आणि 'कॉम४'मुळे ते पुसता येत नसे. त्यावर संशोधकांनी सुचविलेला उपाय वर दिलेल्या आरडी आज्ञेचाच होता. 'गंमत' म्हणून माहीत असलेली आज्ञा संकटात कशी कामाला येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

इतर प्रणालींशी खटके

मॅक आणि लिनक्स या प्रणालींवर 'कॉन' किंवा 'ऑक्स' नावाचे फोल्डर कोणीही करू शकतो. खटका उडतो तो ते फोल्डर विंडोजवर आणताना. लिनक्सच्या गाभ्याच्या मूळ संहितेत 'ऑक्स.सी' नावाची फाईल आहे. ती संहिता विंडोजवर उतरवून घेणाऱ्यांना तिने वर्षानुवर्षे अडविले आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये रस्ट या संगणकभाषेच्या सामायिक भांडारात कोणीतरी 'नल' नावाचे एक छोटे पॅकेज दाखल केले. भांडाराच्या सूचीत प्रत्येक पॅकेजच्या नावाची एक फाईल असे. विंडोजला 'नल' नावाची फाईल करता येईना आणि विंडोज वापरणाऱ्या रस्ट प्रोग्रॅमरांची सूचीच अद्ययावत होईना. ते पॅकेज काढून टाकून राखीव नावांना बंदी घालावी लागली. एका तीन अक्षरी नावाने जगभरच्या मंडळींचे काम अडावे, यात त्या पॅकेजच्या कर्त्याचा कोणताही दुष्ट हेतू नव्हता.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत याच अडचणीचे एक घरगुती रूप संभवते. विद्यापीठाकडून विद्यार्थ्याला मिळणाऱ्या कायम नोंदणी क्रमांकाला 'पीआरएन' म्हणण्याची पद्धत येथे रूढ आहे. कार्यालयातील लिपिकाने या क्रमांकांच्या याद्यांसाठी फोल्डर करून त्याला रोमन लिपीत नेमके तेच तीन अक्षरी नाव द्यायचे ठरविले, तर छापयंत्राचे हे जुने नाव आडवे येते. 'पीआरएन-यादी' असा एखादा शब्द जोडला की प्रश्न सुटतो. हेच नाव देवनागरीत लिहिले, तरीही फोल्डर पहिल्या फटक्यात तयार होते. राखीव यादी रोमन अक्षरांची आहे. देवनागरीतील 'कॉन', 'नल' आणि 'पीआरएन' यांना संगणकाचा कोणताच आक्षेप नाही.

उरलेले दोन 'चमत्कार'

त्या ई-मेलमधील दुसरा चमत्कार नोटपॅडचा होता. एक्सपीच्या काळी नोटपॅडमध्ये 'बुश हिड द फॅक्ट्स' हे वाक्य रोमन लिपीत टंकित करून फाईल जतन केली आणि पुन्हा उघडली, की वाक्याच्या जागी चौकोन किंवा चिनी अक्षरे दिसत. यात राजकारण काहीच नव्हते. फाईल कोणत्या पद्धतीने लिहिलेली आहे, याचा नोटपॅड अंदाज बांधत असे. या वाक्याच्या अठरा बाइटांच्या जोड्या लावल्या, की नऊ चिनी अक्षरे होतात आणि नोटपॅडचा अंदाज तेथे चुके. चार, तीन, तीन, पाच अक्षरांच्या शब्दांची इतर काही वाक्येही असाच परिणाम दाखवीत. विंडोज व्हिस्टामध्ये हा दोष दूर झाला.

तिसरा चमत्कार वर्डचा. बरोबरचे चिन्ह, 'रँड' हा शब्द आणि कंसात २०० व ९९ हे आकडे लिहून एन्टर दाबले, की पानेच्या पाने भरून जात. ही नमुना मजकूर भरण्याची मुद्दाम ठेवलेली सोय आहे. पहिला आकडा परिच्छेदांचा, दुसरा प्रत्येक परिच्छेदातील वाक्यांचा. जुन्या वर्डमध्ये चपळ कोल्हा आणि आळशी कुत्रा यांचे वाक्य उमटत असे, कारण त्यात इंग्रजीची सव्वीसही अक्षरे येतात. वर्ड २००७ पासून हा नमुना मजकूर बदलला.

वापरकर्त्याने काय करावे?

विंडोज ११ मध्ये राखीव नावांचा नियम काहीसा सैल करण्यात आला आहे. 'कॉन.टीएक्सटी' अशा विस्तार असलेल्या नावांकडे तेथे पूर्वीसारखे सरसकट उपकरण म्हणून पाहिले जात नाही. तरीही ही नावे टाळावीत, असाच सल्ला दिला जातो आणि तो रास्त आहे. आपली फाईल उद्या कोणत्या आवृत्तीच्या संगणकावर उघडली जाईल, हे आज सांगता येत नाही.

हौस म्हणून युक्ती करून पाहायची असेल, तर ऑल्ट आणि २५५ यांवर समाधान मानावे. कमांड प्रॉम्प्टचा मार्ग रिकाम्या फोल्डरवरच आजमावावा आणि ते पुसण्याची आज्ञा आधी लिहून ठेवावी. कार्यालयाच्या किंवा सामायिक संगणकावर हा प्रयोग करू नये. खासगी कागदपत्रे लपविण्यासाठी अशा फोल्डरचा वापर करणे तर सर्वांत धोक्याचे. ज्याला ही चार चिन्हे ठाऊक आहेत, त्याला ते फोल्डर उघडता येते. ज्याला ठाऊक नाहीत, तो मात्र संगणक सांभाळताना नकळत त्यातील मजकूर गमावू शकतो. गुप्तता हवी असेल, तर पासवर्डने कूटबद्ध करणारे साधन वापरणे हाच खरा उपाय.

'कॉन'च्या फोल्डरामागे चमत्कार नाही आणि कोणाचे टोपणनावही नाही. चाळीस वर्षांहून अधिक काळापूर्वी फ्लॉपीवरील जागा वाचविण्यासाठी घेतलेला एक व्यावहारिक निर्णय, जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला, एवढेच त्यामागचे सत्य. पुढच्या वेळी असा एखादा 'चमत्कार' ई-मेलमधून किंवा मोबाइलवरील संदेशातून आला, तर तो पुढे धाडण्याआधी संगणकाने दिलेला संदेश एकदा नीट वाचावा. 'उपकरणाचे नाव वैध नाही' हे त्याने पहिल्याच वेळी सांगितलेले असते.